तारमास्तर आणि तिसरी खेप

मामांची गाडी माझ्याकडे आली, तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्याला पुठ्ठ्याचा एक तुकडा दोऱ्याने बांधलेला होता. त्यावर मामांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते, "वायरिंगला तारमास्तरांशिवाय कोणाचा हात लागता कामा नये."

मामांना मूलबाळ नव्हते. गाडी माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान आहे. रंग मोरपंखी, दारे बंद करताना तिजोरीसारखा आवाज, आणि साऱ्या गाडीला मिळून फ्यूज फक्त दोन. आजकालच्या गाड्यांत फ्यूजची पेटीच्या पेटी असते. तारमास्तर म्हणत, "त्या काळी तारा एकमेकींना सांभाळून घ्यायच्या."

तारमास्तरांना खरे नाव असणारच, पण ते दुकानाच्या पाटीवरही नव्हते. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिक' एवढेच, त्यातलाही शेवटचा 'क' उडून गेलेला. उभे आयुष्य तारांत गेले म्हणून लोकांनी त्यांना तारमास्तर केले. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, टायरवाला आणि कुलूपवाला यांच्या मधे त्यांचे दुकान. आत जेमतेम अर्धी गाडी मावे, म्हणून गाडीचे तोंड दुकानात आणि पाठ रस्त्यावर. सकाळचे ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत यायचे.

मास्तरांच्या गळ्यात कायम एक टेस्ट लॅम्प असे. पितळी होल्डर, त्यात करंगळीच्या पेराएवढा बल्ब, दोन तारा आणि टोकांना चिमटे. गाडीची बॅटरी उभ्या उभ्या उतरत असेल, तर ते बॅटरीची एक केबल सोडत आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये हा दिवा लावत. गाडीत सगळे बंद असताना दिवा लागला, तर कुठेतरी वीज चोरली जात आहे असे समजायचे. मग एकेक फ्यूज, एकेक तार काढत जायचे. जी तार काढल्यावर दिवा विझला, ती चोराची.

तारा काढताना मास्तरांचे डोके डॅशबोर्डखाली आणि पाय दाराबाहेर असत. तिथून बॅटरीजवळचा दिवा दिसत नाही. म्हणून दिव्यापाशी, बुटक्या स्टुलावर, त्यांच्या पत्नी बसत. गल्लीच्या त्या वहिनी. हातात ब्रश घेऊन टर्मिनल घासता घासता त्या दिव्यावर नजर ठेवत आणि दोनच शब्द बोलत. "लागला." "विझला." चाळीस वर्षे हे असे चालले होते.

कुलूपवाला एकदा म्हणाला, "वहिनी, घरी पण एवढंच बोलता का हो?"

"घरी कशाला," वहिनी म्हणाल्या, "घरी तर मी गप्प बसले की त्यांना कळतं."

मास्तरांचा एक नियम सगळ्या गल्लीला पाठ होता. तो त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिलेला. एका रोगासाठी एखादी गाडी तिसऱ्यांदा दारात आली, तर रोग गाडीत नाही, कारागिरात आहे. उस्तादांची स्वतःची अशी तिसरी खेप झाली, त्या दिवशी त्यांनी टेस्ट लॅम्प खिळ्याला टांगला आणि पुन्हा कधी गळ्यात घातला नाही. मास्तरांच्या दुकानात तो खिळा होता. कॅलेंडरच्या शेजारी, रिकामा. त्यावर ते कधी टोपीसुद्धा अडकवत नसत.

आमच्या गाडीचा रोग सुरू झाला तो नेमका वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, गाडी दारात उभी असावी, आणि चौथ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवावी तर नुसते 'टक्'. मला तारखा टिपून ठेवण्याची सवय आहे. तीन वेळा टिपले, तिन्ही वेळा चौथा दिवस. मग गाडी ढकलून सुरू केली आणि मास्तरांकडे नेली.

मास्तर एकटेच होते. त्यांनी दिवा लावला, वाकून पाहिले आणि म्हणाले, "विझलाय. गाडी ठणठणीत आहे. बॅटरी म्हातारी झाली तुमची."

नवी बॅटरी बसली. चौथ्या दिवशी 'टक्'.

दुसऱ्या खेपेला त्यांनी जास्त वेळ पाहिले, डायनमो आणि बॅटरी यांच्यामधला कटआउट उघडून त्याचे पॉइंट घासले, पुन्हा दिवा लावला. "विझलाय," ते म्हणाले. पण या वेळी जरा हळू म्हणाले. निघताना मी गाडीत बसलो तर ते खिडकीशी येऊन उभे राहिले. "साहेब, एक खेप झाली, दोन झाल्या," एवढेच म्हणाले आणि आत गेले.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा मुकी झाली.

आता गाडी पुन्हा नेली की ती तिसरी खेप. माणूस सत्तरीला टेकलेला, दुसरे काही येत नाही आणि आवडतही नाही. आमच्या गाडीपायी त्यांच्या गळ्यातला दिवा खिळ्यावर जावा, हे माझ्याच्याने होईना. दुसऱ्या कोणाकडे न्यावी, तर मामांचे पुठ्ठ्यावरचे अक्षर डोळ्यासमोर येई. शेवटी मी मधला मार्ग काढला. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की बॉनेट उघडायचे, दहाच्या पान्याने बॅटरीची केबल सोडायची, सकाळी पुन्हा जोडायची. बायको म्हणाली, "गाडीला रात्री झोपवून सकाळी उठवायला लागलात. लहानपणी मुलांसाठी एवढं केलं असतंत तर."

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी मी केबल आवळत होतो.

"दहाचा पाना," मागून आवाज आला.

मास्तर होते. हातात दुधाची पिशवी. सकाळी फिरून परतताना ते आमच्या रस्त्याने जात, हे मला ठाऊक होते, पण वेळ लक्षात राहिली नव्हती.

"टर्मिनल आवळताय ना?" ते म्हणाले. "रोज सोडून ठेवता?"

"रोज असं नाही," मी म्हणालो.

"किती दिवस झाले?"

"नऊ."

ते हसले नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि मला का सांगितलं नाही?"

"तुमच्या त्या नियमामुळे, मास्तर."

"माझा नियम तुम्ही पाळणार, मग मी काय पाळू?" ते म्हणाले. "उद्या नऊला घेऊन या. आज ही येतेय परत."

गुरुवार होता. मी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. वहिनी आल्या होत्या. स्टुलावर बसून, महिन्याभरात दुकानात माजलेला पसारा बघून त्या मान हलवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या भाऊजी. आजी झाले मी. पेढे मागू नका, इथे स्क्रू शोधायला वेळ नाही."

मास्तरांनी केबल सोडली. गळ्यातला दिवा काढून मध्ये लावला. वाकून पाहिले.

"विझलाय," ते म्हणाले.

त्याच क्षणी वहिनी म्हणाल्या, "लागलाय."

चाळीस वर्षांत ते दोन शब्द एकमेकांवर असे आपटले नसतील. टायरवाल्याकडे कोणीतरी टायर ठोकत होते, तेही नेमके तेव्हाच थांबले.

"कुठे?" मास्तर म्हणाले.

"लागलाय, अहो. बारीक आहे. उदबत्तीच्या टोकाएवढा लाल."

मलाही दिसत होता. उन्हात फिकट, पण होता. मास्तर आणखी वाकले. मग त्यांनी दोन्ही तळव्यांची ओंजळ करून दिव्यावर धरली आणि ओंजळीच्या फटीला डोळा लावला. बराच वेळ ते तसेच राहिले.

"हो," ते म्हणाले. "अंधार केला की दिसतोय."

मग ते कामाला लागले. पहिला फ्यूज काढला. "लागलाय," वहिनी म्हणाल्या. दुसरा काढला. "लागलाय." म्हणजे चोर फ्यूजच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या तारेवर कुठेतरी होता. हे शोधायला एरवी मास्तरांना दहा मिनिटे पुरली असती. पण ते सरळ उभे राहिले.

"म्हणजे त्या दोन्ही खेपांना हा लागलेलाच होता," ते म्हणाले. "आणि मी विझलाय म्हणून सांगत होतो."

मग ते वळले.

"तुला माहीत होतं," ते वहिनींना म्हणाले.

"मला एवढंच माहीत होतं," वहिनी ब्रशकडे बघत म्हणाल्या, "की हल्ली दिवा समोर असला तरी तुम्ही माझ्या शब्दाची वाट बघता. आधी बघत नव्हतात."

तेव्हा माझ्या लक्षात आले. पूर्वी मास्तर डॅशबोर्डखाली असले तरच वहिनी बोलत. गेली दोनेक वर्षे मात्र ते दिव्यासमोर उभे असले तरी त्या बोलत, आणि जरा मोठ्याने बोलत. मी ते सवयीचे समजत होतो. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि पिकत चालला होता, हे नंतर कळले. भरभक्कम उजेड त्यांना दिसे. मंद उजेड वहिनींच्या तोंडून दिसे.

मास्तरांनी चिमटे सोडवले, तारांची नीट गुंडाळी केली, आणि दिवा कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगला. "उस्ताद खरं बोलले होते," ते म्हणाले.

वहिनी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"टांगा," त्या म्हणाल्या. "पण भाऊजींची गाडी दारात अर्धी सोडलेली आहे. गिऱ्हाईकाची गाडी अर्धी सोडून शटर ओढा, असंही उस्ताद सांगून गेलेत का?"

मास्तर थांबले. खिळ्याकडे बघितले, गाडीकडे बघितले.

"दिवा आता घालणार नाही," ते म्हणाले.

"नका घालू."

"मग शोधू कशानं?"

"ते तुम्ही बघा. मास्तर तुम्ही आहात."

मास्तर थोडा वेळ बॉनेटच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, बॅटरी जोडा. दोन्ही फ्यूज घाला. दारं, डिकी, सगळं बंद आहे ना बघा. आणि चहा होईपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही."

वहिनींनी स्टोव्ह पेटवला. आम्ही तिघांनी उभ्यानेच चहा घेतला. मास्तर कपावर बोटे शेकत होते. "वीज दोन गोष्टी देते," ते म्हणाले, "उजेड आणि ऊब. उजेड दिसत नाही तर ऊब शोधायची. अडून काय राहायचं?"

कप खाली ठेवून त्यांनी हात पुसले आणि गाडीला पालथा हात लावत निघाले. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा. डायनमो. "गार." कटआउट. "गार." हॉर्न गार, घड्याळ गार, रेडिओ गार. प्रत्येक ठिकाणी ते डोळे मिटून क्षणभर थांबत. असे करत ते गाडीला वळसा घालून रस्त्यावर, मागच्या बाजूला आले.

"डिकी उघडा," ते म्हणाले.

मी उघडली. डाव्या कोपऱ्यात, स्टेपनीच्या मागे, काचेच्या टोपणातला छोटा दिवा लागलेला होता.

"हा तर डिकी उघडली की लागतोच," मी म्हणालो. "मामांच्या वेळेपासून."

"उघडल्यावर लागतो, हे तुम्ही बघितलंय," मास्तर म्हणाले. "बंद केल्यावर विझतो, हे कोणी बघितलंय?"

मी उत्तर देण्याआधी त्यांनी चाचपडत टोपणावर बोट ठेवले आणि चटकन मागे घेतले. बोट तोंडात घालून ते माझ्याकडे बघू लागले. चेहऱ्यावर पोळल्याचे काही नव्हते.

"डिकी उघडून किती वेळ झाला?"

"आत्ताच तर उघडली."

"आत्ता लागलेला दिवा असा चटका देत नाही. हा कधीचा जळतोय. चार चार दिवस, झाकणाखाली, एकटाच."

दिव्याशेजारी एक बारीक बटण होते. डिकीचे झाकण बसले की झाकणावरच्या रबरी गुट्टीने ते दाबले जायचे आणि दिवा विझायचा. ती गुट्टी झिजून चपटी झाली होती. झाकण बसत होते, पण बटणापर्यंत पोचत नव्हते. आम्ही उघडून बघावे तर दिवा लागलेला, जसा असायला हवा तसाच. शंका येणार कशी?

मास्तरांची बोटे आता तारेवरून मागे मागे जात होती. आसनाच्या कडेला एका जागी ती अडखळली. तिथे तार मेणाच्या दोऱ्याने बांधलेली होती, दुहेरी वेढा आणि टोक आत खोचलेले. त्यांनी ती गाठ दोनदा चाचपली.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले. "ही गाठ बघ कोणाची."

वहिनींनी बघितली. "अजून कोण अशी बांधतं? तुमचीच."

मग त्यांना हळूहळू आठवले. मामांची गाडी एकदा आडरस्त्याला पंक्चर झाली होती, आणि काळोखात स्टेपनी काढताना त्यांचे बोट चेपले होते. दुसऱ्या दिवशी ते दुकानात येऊन म्हणाले, डिकीत दिवा पाहिजे, आणि गाडीचे सगळे फ्यूज गेले तरी तो लागला पाहिजे. म्हणून मास्तरांनी त्याला थेट बॅटरीवरून तार दिली. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडीच्या नकाशात तो दिवा नव्हता, कोणी कुठे लिहूनही ठेवला नव्हता.

"रोग कारागिरात," मास्तर म्हणाले. "दोन्हीकडून." पण या वेळी ते जरासे हसले.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुमडून त्यांनी नवी गुट्टी केली. तारेला एक फ्यूजही घातला. तारेत सोल्डर भरताना वहिनींनी हात धरला नाही, फक्त दुकानातल्या दिव्याचा उजेड त्यांच्या बोटांकडे वळवला. काम संपले. मास्तर खिळ्याखाली जाऊन उभे राहिले.

"आता शटर," ते म्हणाले.

"उस्ताद म्हणाले रोग कारागिरात आहे," वहिनी म्हणाल्या. "कारागीर भंगारात घाला, असं नाही म्हणाले. रोगाला औषध असतं. लेकीच्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी येत्या मंगळवारची वेळ घेऊन आलेय. महिनाभर मी काय नुसती बाळाची लंगोटं वाळत घालत होते?"

"माझ्या थोरल्या भावाचा डोळा गेला ऑपरेशननं."

"चाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा गाड्यांना डायनमो असायचे. आता दाखवा एखादीला, ही भाऊजींची सोडून."

मास्तरांनी माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "मी नेतो दोघांना. याच गाडीतून."

"सुरू झाली तर," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांना ते वाक्य लागले असावे. ते विचार करू लागले. "आज गुरुवार," ते म्हणाले. "गाडी घरी नेऊन उभी करा. केबल सोडायची नाही, पाना उचलायचा नाही. मंगळवारी म्हणजे पाचवा दिवस. पहिल्या किल्लीला सुरू झाली तर मी येतो. नाही झाली, तर दिवा खिळ्यावरच राहील आणि मला कोणी समजवायला यायचं नाही. कबूल?"

"कबूल," वहिनी माझ्या आधी म्हणाल्या.

ते चार दिवस मी गाडीकडे बघतही नव्हतो. एकदाच, रविवारी, बायकोने मला पान्याच्या डब्यापाशी घुटमळताना पकडले. "तुमच्या मास्तरांवर विश्वास नाही का?" ती म्हणाली. मी डबा माळ्यावर ठेवून आलो.

मंगळवारी सकाळी सात वाजता मास्तर आणि वहिनी आमच्या फाटकाशी उभे. वहिनींच्या हातात कपड्यांची पिशवी होती, म्हणजे त्यांचा निकाल आधीच लागलेला होता. मास्तर बॉनेटवर तळवा टेकून उभे राहिले. मी किल्ली फिरवली.

गाडी अशी सुरू झाली, जणू तिला कोणी नुसती हाक मारली होती.

मास्तरांनी हात उचलला नाही. इंजिनाची थरथर थोडा वेळ हातात घेऊन उभे राहिले. मग मागचे दार उघडून आत बसले आणि म्हणाले, "सावकाश चालवा. घाई कोणाला आहे?"

पहिला डोळा त्या आठवड्यात झाला, दुसरा महिन्याने. मधल्या काळात दुकान बंद नव्हते. खिळ्यावरचा दिवा वहिनींच्या गळ्यात आला. मास्तर काळा चष्मा लावून स्टुलावर बसत आणि बोलून तारा सांगत. कुलूपवाला म्हणाला, "जागा बदलली वाटतं." मास्तर म्हणाले, "स्टूल बुटकं आहे हे इतकी वर्षं हिनं सांगितलं नव्हतं."

चष्मा निघाल्यावर आठवड्याने मी सहज गेलो. गाडीला काहीही झाले नव्हते. मास्तर एक हॉर्न उन्हात धरून उलटसुलट बघत होते.

"हे सोल्डर कोणी केलं?" ते म्हणाले. "गोळा झालाय नुसता."

"दिसायला लागलं यांना," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आता सुख नाही." आणि तोंड फिरवून त्यांनी पदराने डोळे पुसले. सोल्डरच्या राळेचा धूर होता, असे त्या म्हणाल्या.

तेवढ्यात एक गाडी आली, बॅटरी उतरते म्हणून. वहिनींनी गळ्यातला दिवा काढून मास्तरांच्या गळ्यात घातला आणि स्टुलावर बसल्या. मास्तरांनी केबल सोडून दिवा लावला. सकाळचे ऊन मागच्या भिंतीपर्यंत आले होते, आणि त्या उन्हातही दिव्याचा लाल ठिपका दिसत होता. मला दिसत होता, त्यांनाही दिसत होता. त्यांनी पहिला फ्यूज काढला. ठिपका गेला. दिवा त्यांच्यापासून हातभरही लांब नव्हता.

तरी मास्तर फ्यूज हातात धरून थांबले.

"विझला," वहिनी म्हणाल्या.

मग ते पुढच्या तारेकडे वळले.